आत्याच्या वतीने

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असलं की त्याच्या वतीने बोलायला कुणीतरी आपोआप नेमलं जातं. आत्याच्या बाबतीत हे पद तिच्या पन्नाशीच्या भाच्याकडे होतं. आत्या पंच्याहत्तरची, स्वतःच्या तीन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी. औषधाच्या दुकानात पस्तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावून तिने औषधं दिली, आणि एकही माणूस दगावला नाही. पण कुणी तिला "चहात साखर किती?" असं विचारलं की भाचा सांगे, "तिला नको." तिला हवी असे. मग दोन घोट घेऊन ती कप ठेवून देई, आणि भाचा वहीत लिही, 'अन्नावरची वासना उडाली.'

वही वकिलांच्या सांगण्यावरून ठेवलेली. किल्ल्या विसरते, एकदा दूध उतू गेलं, अशा एकोणीस नोंदींच्या बळावर त्याने कोर्टात अर्ज केला होता. आत्याला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, सबब मला तिचा पालक नेमावं. अर्ज मंजूर झाला की घर ठेवायचं की विकायचं हे भाचा ठरवणार, सहीही त्याचीच चालणार. आत्या डोळे तपासायला गेली असताना त्याने एका गिऱ्हाइकाला घर दाखवूनही ठेवलं होतं. तिची सोय मग त्याच्या घरी, शिवणयंत्राशेजारी. मनात वाईट काही नव्हतं. असल्या अर्जांत कुणाच्याच मनात वाईट नसतं.

कोर्टाने नेमलेल्या चौकशी अधिकारी बाई बुधवारी सकाळी घरी आल्या. चष्मा पुसून त्यांनी प्रश्नांचा कागद काढला.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार," भाचा म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. "शंभरातून सात-सात वजा करत चला."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर..." पुन्हा भाचाच.

"रक्तदाबाची गोळी?"

"रोज दोनदा घेते."

"एकदा," आत्या म्हणाली. "दोनदा घेत असते, तर चौकशीला तुम्हाला वर यावं लागलं असतं. आज बुधवार आहे. आणि शहाऐंशीनंतर एकोणऐंशी."

बाईंनी कागद उलटला. "साहेब, उत्तरं पाहता पालक नेमायची गरज आहे खरी. फक्त कुणासाठी, ते अर्जात चुकलंय."

"अहो, डॉक्टरांचा दाखला आहे!"

"बाळ, डॉक्टरांनी सगळं तुलाच विचारलं," आत्या म्हणाली. "जीभ तेवढी माझी पाहिली."

"पण तू किल्ल्या विसरतेस ना, आत्या?"

"विसरते. तू लग्नाचा वाढदिवस विसरतोस. तुझं घर घेतलं का कुणी ताब्यात?"

बाई हसल्या नाहीत. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. "हे पाहा, ज्याला निर्णय घेताच येत नाही, त्याच्यासाठी कायदा पालक नेमतो. ज्याचा निर्णय आपल्याला पसंत नाही, त्याच्यासाठी नाही. किल्ल्यांना दारापाशी एक खिळा पुरतो. बँकेत मदत लागली तर त्या सांगतील तेवढ्याच कामाचं मुखत्यारपत्र घ्या." मग त्या आत्याकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काय हवंय?"

भाच्याने तोंड उघडलं, आणि काय आश्चर्य! मिटलंही.

"मला इथेच राहायचंय," आत्या म्हणाली. "याने यावं, जेवावं. गिऱ्हाईक आणू नये."

भाचा चपापला. "तुला कुणी सांगितलं?"

"ते परवा पुन्हा आले होते. मीच घर दाखवलं. ओल कुठे येते, तेसुद्धा दाखवलं. पुन्हा यायचे नाहीत."

भाच्याची मान खाली गेली. "चुकलो, आत्या! अर्ज मागे घेतो." तिथल्या तिथे त्याने तसं लिहून दिलं. आत्याने ते वाचून दोन चुका दुरुस्त केल्या. सही करताना त्याला एकदम हलकं वाटलं. स्वतःचं आयुष्य सांभाळून आणखी एकाचे वार, वजाबाक्या आणि गोळ्या डोक्यात ठेवणं काही कमी ओझं नव्हतं.

तर नागरिकहो, म्हाताऱ्या माणसाला हात जरूर द्या, पण त्याची खुर्ची बळकावू नका. त्याच्या घराचा, पैशाचा, जेवणाचा प्रश्न आधी त्यालाच विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ आपल्याकडे असतो.

बाई गेल्यावर भाचा दारात चपला घालताना म्हणाला, "आत्या, रविवारी किती वाजता येऊ?"

आत्या विचारात पडली. तिने खिडकीबाहेर पाहिलं, चष्मा नाकावर नीट केला. भाचा एका पायात चप्पल घालून, एक शब्दही न बोलता, तिच्या उत्तरासाठी उभा राहिला.