कापसाच्या घराला आग

सकाळी सहाला सुमेधाने मोबाइल बघितला, तर गावच्या ग्रुपवर तिच्या माहेरचा फोटो. हसनाबादचं घर, वाकलेले पत्रे, दारातून निघणारा धूर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तातेराव आणि कौसल्याबाई जागीच गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.'

तिने बाबांना फोन लावला. बंद. मायचाही बंद. शेजारच्या वसंताचा वाजत होता, पण तो उचलेना.

जाफराबादहून ती आणि तिचा नवरा प्रेम मोटारसायकलवर निघाले. मागे बसून ती वाचत राहिली. एकजण म्हणे, सिलिंडर फुटला. दुसरा म्हणे, म्हाताऱ्यांनीच आतून कडी लावून घेतली होती. मग तिसऱ्याने टाकलं, 'जमिनीवरून जावयाशी वाद होता म्हणतात. चौकशी झाली पाहिजे.' त्याखाली अकरा अंगठे.

"काय लिहून राह्यले?" प्रेमने विचारलं.

"काही न्हाई. तुम्ही गाडी बराबर चालवा."

घरापुढे गर्दी होती. भिजलेला काळा कापूस अंगणभर पसरला होता. दोघं-तिघं प्रेमकडे रोखून बघत होते. सुमेधा गर्दीतून वाट काढू लागली. तेवढ्यात वसंताच्या ओट्यावरून हाक आली.

"सुमे! अगं, इकडं हावोत आम्ही!"

माय होती. कपाळावरचे केस होरपळलेले. शेजारी बाबा, उजव्या हाताला ओलं फडकं. सुमेधा मायच्या कुशीत शिरली आणि तिचा इतका वेळ कोंडलेला हुंदका फुटला.

"तुझ्या बाबानं फवारणीचा पंप रातच्याला चार्जिंगला लावल्ता, कापसाच्या ढिगापाशी," माय सांगू लागली. "खोकल्यानं मला जाग आली, तर समदा धूर. दाराकडं जाळ. मंग जमिनीला तोंड लावून सरपटत न्हाणीत गेलो. वसंतानं बाहेरून टिकावानं पत्रा उचकटला. फोन आतच जळाले."

"माझा घरातच पडलाय, ताई," वसंता ओशाळून म्हणाला. "मी रातभर पाणीच मारत होतो."

प्रेमने आता ग्रुप उघडला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. बाबांनी त्याला सगळं मोठ्याने वाचायला लावलं, मग म्हणाले, "जावईबापू, माझा आवाज भरा त्याच्यात."

प्रेमने मोबाइल त्यांच्या तोंडापाशी धरला.

"जय भीम. मी तातेराव बोलून राह्यलो. आम्ही दोघं जित्ते हावोत. आग माझ्या चुकीनं लागली. माझ्या जावयाचं नाव ज्यानं घेतलं, त्यानं वसंताच्या ओट्यावर यावं, मी इथंच बसलोय. अन् झोपता त्या घरात कापूस भरू नका, रातच्याला चार्जिंग लावू नका."

श्रद्धांजल्या एकेक करून गायब होऊ लागल्या. जावयावरचा मजकूरही गेला. माफी मात्र कुणी मागितली नाही, ओट्यावरही कुणी आलं नाही.

"येत न्हाई कोणी," माय म्हणाली आणि हसली. सुमेधालाही हसू आलं, डोळे पुसता पुसता.

वसंता दवाखान्यात जायला जीप बघायला गेला. त्याच्या घरातून चहा आला. बाबांना कप धरता येईना. प्रेम त्यांच्याजवळ सरकला, बशीत चहा ओतून फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली.