डब्यातली चकचकीत सवत

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणाल तर म्हणा, पण मोडकी म्हणू नका. तेवढे मला खपत नाही. शेवगावच्या आठवडी बाजारात पाल ठोकून बसणाऱ्या एका लोहाराने मला घडवले. मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचे लोखंड माझ्या अंगात आहे. त्यामुळे मी अंगाने थोराड, रंगाने काळी आणि आवाजाने करकरीत झाले. लोहाराने माझ्या दोन पात्यांत खिळा ठोकला, एका चिंधीवर मला चालवून पाहिले आणि म्हणाला, "घ्या बाई. नातीपत्तुर टिकंल." मला विकत घेणाऱ्या दयाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. नात कुठली, अजून लेकसुद्धा नव्हता.

मित्रांनो, दयाबाईंचे घर शेवगावजवळच्या एका गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. त्या घरात मी पंचवीस वर्षे राज्य केले. गल्लीतली झबली, पोलकी, पाळकसाहेबांचा पांढरा झगा, उशांचे अभ्रे, सगळे माझ्या पात्यांखालून गेले. दयाबाईंचे मालक वारले तेव्हा पदरात एकटा प्रभुदास होता. त्याला त्यांनी माझ्याच जोरावर शिकवले. काम झाले की मला खोबरेल तेलाचे बोट लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. मला कागद लावायचा नाही, मला रिकामे वाजवायचे नाही आणि मला कोणी हात लावायचा नाही, असे तीन कायदे होते. शेजारच्या छबूबाईंना फारच नड असली तर दयाबाई मला जमिनीवर ठेवत आणि छबूबाई उचलून घेत. कात्री कुणाच्या हातात देत नाहीत. दिली की दोघींत भांडण लागते, असे आमच्या गावात सगळेच मानतात, मग तो चर्चला जाणारा असो की खंडोबाला.

बहात्तर साली प्रभुदासचे लग्न झाले आणि दीना नावाची सून घरात आली. सून आली याचे मला काही नव्हते. पण तिच्या ट्रंकेतून ती बाहेर निघाली.

ती म्हणजे दीनाची कात्री. नगरच्या बोर्डिंगात शिवणकामात पहिली आली म्हणून दीनाला बक्षीस मिळालेली. सडपातळ, चकचकीत, मुठीला पिवळा रंग. उन्हात धरली की भिंतीवर कवडसा नाचायचा. गल्लीतल्या बायका मला ओलांडून तिला बघायला येऊ लागल्या. "किती नाजूक हाय गं!" म्हणायच्या. नाजूक! पंचवीस वर्षांत मला कोणी वजनदार याखेरीज दुसरे काही म्हटले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि कळस म्हणजे तिला ठेवले कुठे, तर माझ्याच डब्यात. एका डब्यात दोघी! ती माझ्या अंगाला लागली की मला वाटे, हिला गंज चढावा.

दयाबाईंचेही तसेच चालले होते. सुनेने भाजी केली की त्या मीठ कमी म्हणायच्या आणि मीठ वाढले की खारट. शेजारणीने दीनाच्या हाताची तारीफ केली की त्यांना उगीच खोकला यायचा. मला फार बरे वाटे. वाटे, दुखणे माझ्या एकटीचे नाही.

त्याच वर्षी मिशनच्या मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या. जाताना त्यांनी दयाबाईंना एक पेटारा दिला. त्यात फेल्ट होते. मित्रांनो, फेल्ट म्हणजे विणलेले कापड नव्हे. लोकर भिजवून, दाबून, मळून तिचा केलेला जाड तक्ता. रविवारच्या शाब्बाथ शाळेत मडम मोठ्या फळ्यावर रंगीत फेल्टची चित्रे चिकटवून मुलांना गोष्टी सांगत. निळे फेल्ट म्हणजे समुद्र, पिवळे म्हणजे वाळवंट, लाल म्हणजे राजाचा झगा. तो सगळा समुद्र आणि वाळवंट आता आमच्या पेटाऱ्यात आले होते.

नगरच्या बायकांच्या मंडळाने नाताळात विक्री करायचे ठरवले होते. मंडळाच्या पुष्पावतीबाई गावोगाव फिरून सांगून गेल्या, "फेल्टची चष्म्याची घरं करा, सुया ठेवायच्या चोपड्या करा, छोटे बटवे करा. ज्या गावचं काम चांगलं, तिथं शिवणवर्ग काढू. आणि जिचा हात चांगला, तीच वर्गाची बाई." महिन्याचा बांधलेला पगार आणि गावात बाई म्हणून मान. दयाबाईंनी त्या दिवसापासून मनात धरले की बाई व्हायचे ते आपणच. मीही धरले. त्या बाई झाल्या असत्या तर मी बाईंची कात्री झाले असते.

पहिले चष्म्याचे घर दयाबाईंनी केले. कापडाला दशा निघतात म्हणून त्या जन्मभर कडा दुमडून शिवत आल्या होत्या. तशीच त्यांनी फेल्टची कड दुमडली, पुन्हा दुमडली आणि दाबून शिवली. झाले ते असे जाडजूड झाले की आत चष्मा जाईना. छबूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले.

"दयाबाई, हे चष्म्याचं घर हाय का बैलाची झूल?"

दीना चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, फेल्टला दशा निघत न्हाईत. कड दुमडायची न्हाई. नुसता काजाचा टाका घ्यायचा." आणि तिने तुकड्यांच्या कडा जुळवून, बटणाच्या काजाला घालतात तसा टाका भराभर घालून दाखवला. काळ्या फेल्टवर पिवळा दोरा मुंग्यांच्या ओळीसारखा चालत गेला. दयाबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमाला येत न्हाई व्हय?" त्यांना येत नव्हते.

तेव्हापासून कापायचे दयाबाईंनी आणि शिवायचे दीनाने असे सुरू झाले. ऑगस्टात पुष्पावतीबाई आल्या. एक निळा बटवा त्यांनी उजेडात धरला आणि विचारले, "दयाबाई, काय सुरेख टाका आहे! तुमचा का?"

दीना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. दयाबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. "माझाच की," त्या म्हणाल्या. दीनाने तांब्या ठेवला आणि आत गेली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डब्यातल्या त्या चकचकीत बाईसाहेबांना मी म्हटले, ऐकलेस ना? आता कळेल या घरात कोण कोण ते.

पण माझा आनंद फार टिकला नाही. त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. प्रभुदास दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, तो आठवड्याने घरी येई. बायका टँकरच्या रांगेत दुपार घालवू लागल्या. अशाच एका दुपारी दीना पाण्याला गेली असताना दयाबाईंनी डबा उघडला. त्यांचा हात माझ्याकडे आला, थांबला आणि तिच्याकडे वळला. माझ्या डोळ्यादेखत त्यांनी तिला उचलले आणि तिने फेल्ट कापले. पंचवीस वर्षांची सोबत आणि हे त्याचे फळ! मग रोजच तसे होऊ लागले. दीनाची पावले वाजली की ती परत डब्यात आणि मी वर. मला वाटले, म्हातारीलाही चकाकीच आवडते. मी त्या दिवसांत देवाकडे एकच मागत होते, हिची धार जावो.

डिसेंबर लागला आणि माझे मागणे पुरे झाले. नमुने कापायला दयाबाईंनी गीतांच्या जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा काढला. असला जाड पुठ्ठा त्या नेहमी ब्लेडने कापत. कापडाच्या कात्रीला कागद लावायचा नाही, हे साऱ्या गल्लीला शिकवणाऱ्या त्याच. त्या दिवशी सकाळी चर्चच्या ओट्यावर बायकांनी दीनाला घेरून टाका शिकवायला लावला होता, आणि दयाबाईंना कोणी बस म्हणालेसुद्धा नव्हते. घरी येऊन त्यांनी चकचकीत कात्री उचलली आणि पुठ्ठ्यावर चालवली. नमुना कापून झाला. तरी त्या पुठ्ठा कापतच राहिल्या. एकाचे चार केले, चाराचे आठ. कचाकच, कचाकच. तिचा मधला खिळा सैल होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मी डब्यात पडून प्रत्येक आवाज मोजत होते. मला गोड वाटत होते, खोटे कशाला बोलू?

दीना पाणी घेऊन आली. तिने आपली कात्री फेल्टला लावली, तर ती कापण्याऐवजी चावू लागली. दीनाने जमिनीवरचा पुठ्ठ्याचा चुरा पाहिला. सासूकडे पाहिले. दयाबाई चुलीत नसलेला जाळ फुंकत होत्या. तेवढ्यात छबूबाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, चांगल्या कात्रीचं वाटोळं कोनी केलं?"

"माज्याच हातनं झालं, मावशी," दीना म्हणाली. "चुकून पुठ्ठ्याला लावली."

मित्रांनो, मला वाटले होते, आता रडारड होईल. पोरीने आपल्या बक्षिसाच्या कात्रीला पदराने पुसून माझ्याशेजारी ठेवले, एवढेच झाले. ती माझ्याशेजारी पडली आणि पहिल्यांदाच मला तिच्याशी काही बोलता येईना.

नाताळाला पंधरा दिवस राहिले होते आणि अजून तीस चष्म्याची घरे कापायची होती. दुष्काळामुळे धारवाला गावात फिरकत नव्हता. राहिले कोण, तर मी! दयाबाईंनी मला उचलले. जाड निळ्या फेल्टला लावले, दाबले आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघाले. मी त्यांच्या हातातून निसटून जमिनीवर पडले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी पाडले नव्हते. मी खालून वर पाहिले, तर त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा कांद्याएवढा सुजला होता. माझे वजन त्यांना पेलत नव्हते. म्हणून त्या हलकी कात्री घेत होत्या. आणि मी मात्र त्यांना बेइमान ठरवून बसले होते.

जमिनीवर पडलेली कात्री कोणीही उचलू शकते. दीनाने मला उचलले आणि डब्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दयाबाई प्रार्थनेला गेल्या तेव्हा दीना मला घेऊन दारात बसली. राजाच्या झग्याचे लाल फेल्ट तिने घेतले. पट्ट्या कापल्या आणि माझ्या अंगठ्याच्या कड्यावर दुहेरी गुंडाळून काजाच्या टाक्याने शिवून टाकल्या. मग खिळ्यात तेल सोडून मला सैल केले. मला आधी लाज वाटली. लोखंडाला झबले! पण दयाबाईंनी आल्यावर त्या लाल कड्यात अंगठा घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. मी फेल्टमधून सरळ गेले. कड्याने टोचले नाही, दुखले नाही.

"तुला कवा कळलं?" दयाबाईंनी विचारले.

"आल्यापासनं. भाकरी थापताना तुमी आंगठा वर धरता, आत्याबाई."

फेल्टवर पाणी पडले की डाग राहतो. म्हणून दयाबाईंनी तोंड बाजूला वळवले.

तीसही घरे वेळेत झाली. नाताळाच्या आधीच्या रविवारी पुष्पावतीबाई चर्चच्या ओट्यावर आल्या. सगळ्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. माल पाहून पुष्पावतीबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "दयाबाई, वर्ग तुमच्याच गावाला. आता एकदा तो टाका या बायकांना घालून दाखवा."

कोणीतरी सुईत दोरा ओवून ती दयाबाईंच्या पुढे धरली. त्यांची बोटे ती सुई धरू शकली नसती, आणि धरली असती तरी तो टाका त्यांचा नव्हता. दीना मागे खांबाला टेकून खाली मान घालून उभी होती. ती बोलणार नव्हती. हे मला ठाऊक होते आणि दयाबाईंनाही. अंगठा दुखतो म्हटले असते, तरी निभावून गेले असते.

दयाबाईंनी सोबत आणलेल्या डब्यातून मला काढले आणि त्या उठल्या.

"बाई, मी मागं खोटं बोलले. टाका माजा न्हाई, हिचा हाय. वर्गाची बाई हिलाच करा." आणि त्यांनी मला दीनासमोर धरले. "घे. वर्गाला लागंल."

"अगं दयाबाई, हातात नगं देऊ!" छबूबाई ओरडल्या. "भांडान हुईल!"

"व्हायचं ते कवाच झालं, छबू," दयाबाई म्हणाल्या. "माज्या एकटीचंच हुतं."

आणि त्यांनी मला खाली न ठेवता सुनेच्या हातात दिले.

आता वर्ग सुरू होऊन वर्ष झाले. दीनाबाई शिकवतात, कापायला मात्र दयाबाई बसतात. पोरी मला "लाल कड्याची" म्हणतात. मला हवा होता तो सगळा मान मिळाला. पण संध्याकाळी डब्याचे झाकण लागते आणि माझ्याशेजारी ती पडलेली असते. बोथट, सैल खिळ्याची, पिवळ्या मुठीची. तिने माझे कधी काही वाईट केले नव्हते. तिच्यावर कोणी तेलाचे बोटही फिरवत नाही, कारण काम मी करते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कात्रीला कागद लावू नका, तिला रिकामी वाजवू नका, काम झाले की पुसून ठेवा. आणि एक काम माझे करा. यंदा पाऊस बरा झाला आहे, सहाणेची सायकल घेऊन धारवाला पुन्हा गल्लीत येऊ लागला आहे. त्याला हाक मारा आणि माझ्या आधी तिला द्या. खिळाही घट्ट करून घ्या. उन्हात तिचा कवडसा भिंतीवर नाचला तर मी काही म्हणणार नाही.

फक्त माझी लाल पट्टी काढून तिला घालू नका. तेवढे अजून मला जमलेले नाही.