टाळ्यांचा व्यायाम

पूनम सागर वसाहतीच्या बागेत दर एकादशीला कीर्तन होई, पण वासंतीताईंची जिवलग मैत्रीण सुलू हल्ली येईनाशी झाली होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नव्हतं. बागेत दहा बाकं हवीत, एवढं सांगायला वासंतीताई तिसऱ्यांदा पालिकेच्या उद्यान विभागाच्या कचेरीत आल्या होत्या.

"आजी, कीर्तनाला निधी नाही," साहेब म्हणाले. "यंदा फक्त व्यायामाला आहे. लाफ्टर क्लब लिहा, पास करतो."

"अहो, व्यायामाची यंत्रं तीनदा बसवलीत! लोक त्यांवर चादरी वाळत घालतायत! आणि देवाच्या कामात मी खोटं लिहू?"

"मग सतरंजीवरच बसा."

वासंतीताई तणतणत जिन्यापर्यंत गेल्या आणि थबकल्या. परत येऊन त्यांनी साहेबांचंच पेन उचललं आणि अर्जावर लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी सलग दोन तास टाळ्यांचा व्यायाम, बसून.'

"यात खोटं काय ते दाखवा! बुवांनी गजर धरला की तळहात लाल होतात आमचे."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सही केली.

बाकं आली ती चार महिन्यांनी, दहाच्या जागी सहा. सुलू पहिल्या बाकावर टेकली आणि गजर सुरू होताच टाळ्या पिटू लागली.

"हळू गं बाई," वासंतीताई डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब तपासायला आलेले नाहीत."