मला पाणी नको होते

मी एक जुना निवडुंग आहे, आणि आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आमच्या घरातले श्रीनिवासराव आज पुन्हा बोटीवर निघाले आहेत. दाराशी त्यांची बॅग उभी आहे. मित्रांनो, ते लांबच्या सफरीवर गेले की या घरात काय होते, हे मी एकदा भोगले आहे. त्या खेपेस मी मरता मरता वाचलो. टॅक्सी यायला अजून वेळ आहे, तोवर माझी कहाणी सांगून टाकतो. बोलत राहिले की भीती जरा कमी होते.

तशी काळजी करणे हे आमच्या रक्तातच आहे. मेक्सिको देशात सोनोरा नावाचे मोठे वाळवंट आहे आणि त्याच्या कडेला ग्वायमास हे बंदर आहे. माझा जन्म तिथला. तिथे पाऊस न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेण्यापुरताच थांबतो. म्हणून तिथल्या प्रत्येक झाडाने आपापली सोय करून ठेवली आहे. ओकोटियो नावाचे झुडूप एरवी काटक्यांचा वाळका भारा दिसते. पाऊस पडला की त्याला घाईघाईने पाने फुटतात आणि जमीन सुकली की ते ती सारी गाळून टाकते. मेस्कीटचे झाड पाण्याच्या शोधात मुळे खोल खोल सोडते. खांबासारखे उंच सग्वारो आणि आम्ही पिंपासारखे गोल निवडुंग पोटातच पाणी साठवतो. माझ्या अंगावर पेटीच्या भात्यासारख्या घड्या आहेत. पाणी मिळाले की त्या फुगतात, संपत आले की मिटतात. दिवसा आम्ही श्वाससुद्धा कोंडून धरतो, कारण उन्हात तोंड उघडले तर साठवलेली ओल उडून जाईल. उद्या पाणी मिळणार नाही असे धरूनच आम्ही आजचा दिवस काढतो.

मला एका म्हाताऱ्या बाईने बीपासून वाढवले. बाळ-निवडुंगाला कडक ऊन सोसत नाही, त्याला मोठ्या झाडाची सावली लागते. तिने रंगाच्या जुन्या डब्यात मला लावले आणि अंगणातल्या हिरव्या खोडाच्या झाडाखाली ठेवून दिले. पुढे मी चांगला नारळाएवढा झालो, माझे काटे गळासारखे वाकडे झाले, आणि म्हातारी मला बाजारात घेऊन आली. ते साल १९९४ होते. श्रीनिवासरावांची मालबोट तेव्हा ग्वायमासला लागली होती. ते बोटीवर सेकंड इंजिनिअर. म्हातारीने खाणाखुणा करून त्यांना सांगितले की आमची जात नेहमी दक्षिणेकडे कलते. आमच्या मुलखात सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो. उन्हाची बाजू सावकाश वाढते, सावलीची भराभर, आणि झाड हळूहळू दक्षिणेला झुकते. वाळवंटात वाट चुकलेला माणूस आम्हाला पाहून दिशा ओळखतो म्हणे. दर्यावर्दी माणसाला जिवंत होकायंत्र मिळाले. तो मला सोडतोय थोडाच?

सारे सोपस्कार उरकून मी सिंगापूरला आलो, चोआ चू कांगमधल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तुळशीच्या कुंडीशेजारी मला जागा मिळाली. घरात श्रीनिवासरावांच्या पत्नी उत्कर्षाताई आणि त्यांची मुलगी गार्गी. पहिली तीन वर्षे मोठी मजेत गेली. तेव्हा श्रीनिवासराव जवळपासच्याच बंदरांच्या फेऱ्या करत आणि वरचेवर घरी येत. माझे पाणी ते स्वतः बघत. शेजारपाजारचे लोक थांबून मला न्याहाळत, गार्गीच्या मैत्रिणी काट्याला बोट लावून पळत. एकदा मला डोक्यावर पिवळी फुले आली तेव्हा तर लिफ्टकडे जाणारा प्रत्येकजण कौतुक करून जाई. फक्त दक्षिणेकडे कलणे मात्र मला जमेना. इथला सूर्य अर्धे वर्ष उत्तरेने जातो आणि अर्धे वर्ष दक्षिणेने. मी गोंधळून सरळच वाढत राहिलो.

मग आले १९९७ साल. श्रीनिवासरावांना मोठ्या सफरीचे बोलावणे आले, थेट आफ्रिकेपर्यंत. निघताना त्यांनी माझ्या कुंडीवर हात ठेवला आणि पत्नीला म्हणाले, "याला विसरून जा. जितकी विसरशील, तितका हा चांगला जगेल."

उत्कर्षाताईंचे माहेर पुण्याचे. घरात कुणी तहानलेले असताना त्यांना घास गोड लागत नाही. त्यात नवऱ्याने जाताना हात ठेवला तो नेमका माझ्यावर. त्या मला विसरणार कशा? सकाळी आंघोळ झाली की त्या तुळशीला पाणी घालत, आणि तांब्यात उरलेले थोडेसे माझ्या मुळाशी ओतत. थोडेसेच. पण रोज.

तरीही मी निभावून नेले असते. ऊन होते, माती दुपारपर्यंत सुकत होती. पण त्याच वर्षी शेजारच्या देशात जंगले पेटली आणि त्यांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला. समोरची इमारत दिसेनाशी झाली. लोक तोंडाला फडकी बांधून एमआरटीच्या रेल्वे स्टेशनकडे जाऊ लागले. सूर्य असून नसल्यासारखा झाला. माझी माती सुकेना. ओली माती अंगाला चिकटून राहिली की काय वाटते, हे तुम्हाला कसे सांगू? रात्रभर ओल्या कपड्यांत बसून बघा.

त्या दिवसांतच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मरीन परेडला राहणाऱ्या योगिनीबाईंचा फोन आला. त्यांचेही यजमान बोटीवर असतात. श्रीनिवासरावांच्या बोटीवर इंजिन रूममध्ये आग लागल्याचे त्यांच्या कानावर आले होते. उत्कर्षाताईंनी लगेच बोट कंपनीच्या एजंटच्या ऑफिसात फोन करून विचारले. तिथून उत्तर मिळाले की बोटीला उशीर होणार आहे, एवढेच कळले आहे. दुसऱ्या दिवशी तेच उत्तर, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. फोन ठेवला की त्यांना घरात बसवत नसे. त्या कॉरिडॉरमध्ये येत, धुराकडे बघत उभ्या राहत, आणि त्यांचा हात आपोआप तांब्याकडे जाई. करण्यासारखे दुसरे काही नव्हतेच त्यांच्या हाती. प्रत्येक फोनमागे माझ्या मुळांशी एक तांब्या. त्यांची काळजी मी अक्षरशः पीत होतो, आणि माझी मुळे एकेक करून कुजत होती.

वरून मी हिरवागार दिसत होतो, हीच खरी पंचाईत होती. खालून मी मऊ पडत चाललो होतो. एक दिवस माझा तोल जाऊ लागला.

ते आधी गार्गीने पाहिले. ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, लुक, ही इज लीनिंग लाह." उत्कर्षाताई धावत बाहेर आल्या. कोणत्या बाजूला कलतोय, विचारू लागल्या. गार्गीने दप्तरातून होकायंत्र काढले आणि सांगितले, वेस्ट. उत्कर्षाताईंनी दोन्ही हात छातीशी धरले. "पश्चिमेला हिंदी महासागर," त्या म्हणाल्या. "बाबा तिकडेच आहेत. हा त्यांच्याकडे बघतोय, गार्गी. ते सुखरूप आहेत."

मित्रांनो, मी कुणाकडेही बघत नव्हतो. मी पडत होतो.

पण त्यांनी माझ्या कुंडीला हळदकुंकू लावले आणि त्या रात्री किती दिवसांनी दोघी पोटभर जेवल्या. आतून त्यांचा आवाज येत होता, चक्क हसण्याचा. मला वाचा असती तर मी काय सांगितले असते, कोण जाणे. माझे धाबे दणाणले होते ते आता माझ्यापुरते नव्हते. या बाईने नवऱ्याचा जीव माझ्यावर टांगून ठेवला होता, आणि मी तर उद्या-परवा कोसळणार होतो. मी उरलेल्या एकदोन मुळांनी माती घट्ट धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आनंदापोटी मला आणखी एक तांब्या मिळाला.

शेवटी व्हायचे ते झाले. डासांची तपासणी करणारी एक तरुण मुलगी कॉरिडॉरमधल्या कुंड्या बघत आली. माझ्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले होते. "आंटी, कॅनॉट कीप वॉटर हिअर," ती नम्रपणे म्हणाली. ती पुढच्या दाराकडे गेली आणि उत्कर्षाताईंनी ताटली रिकामी करायला कुंडी तिरपी केली. त्याबरोबर मी मुळातून सुटलो आणि त्यांच्या पायाशी घरंगळलो. माझा तळ काळा पडला होता आणि त्याला घाण वास येत होता.

त्या नुसत्या खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग गार्गी शाळेतून यायची वेळ झाल्याचे त्यांच्या लक्षात आले असावे. त्या उठल्या, मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि स्वयंपाकघरात नेले. तिथे भिंतीत कचऱ्याच्या चूटचे झाकण आहे. त्यातून टाकलेली वस्तू नऊ मजले खाली जाते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. मुलीच्या नजरेला मी पडू नये, एवढेच त्यांना हवे होते.

झाकण उघडले. खालचा काळोख मला दिसला. त्यांनी मला पुढे केले आणि हात मागे घेतला. पण माझे गळासारखे काटे कागद फाडून त्यांच्या गाऊनच्या बाहीत रुतले होते. त्यांनी हिसका दिला, तसे ते आणखी अडकले. माझी यात काहीच करामत नव्हती, माझे काटेच तसे आहेत. "सोड रे मला," त्या पुटपुटल्या आणि तिथेच रडू लागल्या. आगीची बातमी आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या.

रडून झाल्यावर त्या जमिनीवर बसून एकेक काटा सोडवू लागल्या. तेव्हा कुठे त्यांनी मला नीट पाहिले. बोटाने दाबून पाहिले. तळाशी बोट आत गेले. वर घट्ट लागले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "वरचा तर चांगला आहे."

पुढचे त्यांनी सवयीच्या हातांनी केले. भोपळ्याची एक बाजू नासली तर आपण सगळा भोपळा टाकत नाही. त्यांनी विळी घेतली आणि माझा कुजका भाग कापला. आत डाग दिसला म्हणून आणखी एक चकती कापली, आणि पांढरे स्वच्छ अंग लागेपर्यंत थांबल्या नाहीत. मग घरात कुणाचेही बोट कापले की करतात तेच केले. जखमेवर हळद दाबली.

तेवढ्यात गार्गी आली. विळी, हळद, माझे तुकडे बघून ती दारातच थांबली. "देन बाबा?" तिने विचारले.

उत्कर्षाताईंनी तिला जवळ ओढले. "हे झाड आहे, गार्गी," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणजे बाबा. मी उगाच दोघांची गाठ मारली. बाबांचं आपल्याला अजून काहीच माहीत नाही, पण याचं मात्र काय करायचं ते माहीत आहे. याला हात लावायचा नाही."

मला फ्रिजच्या वर कोऱ्या कागदावर ठेवण्यात आले. माती नाही, पाणी नाही. मित्रांनो, ते दिवस मी कधी विसरणार नाही. मुळे नसलेल्या झाडाला आपण जगणार की नाही हे ठाऊक नसते, आणि त्यांनाही काही ठाऊक नव्हते. एजंटला फोन झाला की त्या सवयीने तांब्या भरत, फ्रिजपर्यंत येत, माझ्याकडे बघत आणि तांब्या तसाच ओट्यावर ठेवून देत. आपला हात असा आवरून धरणे किती जड जाते, ते मी वरून बघत होतो. पाणी ओतणे त्याहून कितीतरी सोपे होते.

एका दुपारी फोन वाजला. कोलंबोहून श्रीनिवासराव बोलत होते. आग खरोखरच लागली होती. बोट ओढून कोलंबोला आणली होती आणि त्यांचा उजवा तळवा भाजला होता. बाकी ते ठीक होते. उत्कर्षाताई कितीतरी वेळ नुसत्या हं हं करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, तुमचा निवडुंग मी कापला." मग आता त्याचे काय करतेस, असे पलीकडून विचारले असावे. "आता काही नाही," त्या म्हणाल्या. "वाट बघतेय."

ते घरी आले तेव्हा धूर गेला होता आणि पाऊस सुरू झाला होता. तळव्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. त्यांनी बॅग ठेवली आणि कागदासकट मला उचलून हलकेच उलटे केले. तिघे माझ्यावर वाकले. सुकून टणक झालेल्या जखमेच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ डोकावत होते. मलासुद्धा ते ठाऊक नव्हते.

"आता घालू पाणी?" उत्कर्षाताईंनी विचारले.

"अजून नको," ते म्हणाले. मग तिघेही हसत सुटले.

याला आता दोन वर्षे झाली. मी पुन्हा कॉरिडॉरमध्ये आहे, पूर्वीपेक्षा बुटका आणि जरा बसका. तेव्हा माझे एकच मागणे आहे, मित्रांनो. कुणाला काही देण्याआधी त्याला ते हवे आहे का, एवढे बघा. मातीत बोट घालून बघायला वेळ लागत नाही.

पण थांबा, टॅक्सी आली. श्रीनिवासराव लिफ्टकडे गेले. उत्कर्षाताई कठड्यावरून खाली हात हलवत आहेत. आता त्या वळल्या. घरात गेल्या. तांब्या घेऊन बाहेर आल्या, आणि माझ्या घड्या भीतीने आवळल्या. त्यांनी तुळशीला पाणी घातले. तांब्यात पाणी उरले आहे, मला त्याचा आवाज येतो आहे. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोट मातीत घातले, काढले. मग उरलेले सगळे पाणी त्यांनी तुळशीतच ओतले आणि रिकाम्या हातांनी कितीतरी वेळ माझ्याजवळ नुसत्या उभ्या राहिल्या.

माझ्यावर इतकी माया आजवर कुणी केली नाही.