शिंपीणकाकूंची इस्त्री आणि बाबांचा दगड

या, असे जवळ सरका. एका दगडाची गोष्ट सांगतो. हसा खुशाल, पण अर्ध्यातून उठू नका.

त्या दिवशी शिंपीणकाकूंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काकू आणि समोर मुठीएवढा काळा दगड घेतलेले, भुतं उतरवणारे एक बाबा.

काकूंना मंत्रचळ. इस्त्री बंद केली की नाही हे बघायला दिवसातून चाळीस वेळा घरून दुकानात यायच्या. कळत होतं, वळत नव्हतं. वर्षानुवर्षं गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं. शेवटी डॉक्टरांनी मेंदूत खोलवर बारीक तारा बसवल्या, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवली. सहा-सात महिने विजेचा जोर कमी-जास्त करून पाहिला, तेव्हा कुठे चाळिसाचे तीन झाले.

त्या दिवसाच्या दोनच दिवस आधी बाबांनी काकूंच्या छातीवर दगड टेकवला आणि तिनाचे पुन्हा चाळीस.

"तारांनी पिशाच्च दाबलं होतं," बाबा गर्दीला सांगत होते, "दगडानं वर काढलं. आता तारा उपटा, म्हणजे जाईल."

"आणि नाही गेलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर तुझी श्रद्धा कमी."

"म्हणजे गेलं तर तुमच्यामुळे, राहिलं तर माझ्यामुळे," म्हणत काकू इस्त्री बघून आल्या.

बाबांना आणलं होतं काजं-बटणं करणाऱ्या नणंदेनं. "वहिनी, वाद नको. उद्याच तारा काढून टाकू," म्हणत तिनं काकूंना धरून बसवलं. बाबांनी दगड पुढे केला. नणंदेच्या हातात टाचण्यांची उघडी डबी होती. सर्रकन टाचण्या उडाल्या आणि दगडाचा साळिंदर झाला.

"पिशाच्चाचे दात," बाबा गंभीरपणे म्हणाले.

नणंदेनं खणातून लोहचुंबक काढला. "बाबा, हे दात मी रोज यानं जमिनीवरून गोळा करते." मग तिनं दवाखान्यात फोन लावला.

"जोरदार चुंबक बॅटरीजवळ नेलात?" सिस्टर म्हणाल्या. "त्यानं काही यंत्रं बंद पडतात. सोबतचा रिमोट लावून बघा."

रिमोटच्या पडद्यावर आलं: यंत्र बंद.

सिस्टरनी सांगितलं तसं नणंदेनं यंत्र सुरू केलं. गर्दी श्वास रोखून बघत होती. काकू उठल्या आणि इस्त्री बघून आल्या.

"लगेच गुण येत नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "उद्या तपासणीला आणा."

बाबा कधी सटकले, कळलंच नाही. काकूंना उतार पडायला दोन आठवडे लागले.

माझा देवावर पूर्ण भरवसा आहे, म्हणूनच सांगतो: देवाला चुंबक लागत नाही. घरात कुणाला असा चळ असेल तर डॉक्टर गाठा, आणि दगड दाखवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. आणि त्या नणंदेला आठवणीत ठेवा. भरल्या दुकानात ती म्हणाली होती, "वहिनी, चुकले मी."