मिल रोडच्या वळणावरचं मत

लॉर्ना हॅकमन रिपब्लिकन पक्षाची, तीही आईच्या वळणाने. फिलाडेल्फियाबाहेरच्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पक्षाची पदाधिकारी म्हणून आपल्या वस्तीची मतं राखण्याचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं. समोरच्या घरातली रॉझ टेडेस्को डेमोक्रॅट. मतदानाच्या दिवशी अग्निशमन केंद्राबाहेर दोघी शेजारीशेजारी टेबलं मांडत, आपापल्या पक्षाची पत्रकं वाटत आणि थर्मासमधली कॉफी वाटून पीत.

"तुझा गड ढासळतोय गं," रॉझ दरवर्षी म्हणायची.

"चिरा निखळलाय एखादा. गडाबिडाचं तू नको सांगूस."

पण गड खरोखरच ढासळत होता. सफरचंदांच्या बागा तोडून तिथे घरं उठली होती आणि शहरातून आलेली तरुण जोडपी दारावरच हसून नकार देत. लॉर्नाला त्याचं फारसं वाटत नसे. त्या वर्षी मात्र जुनीच माणसं बिथरली. निमित्त होतं गोदामाचं. मिल रोडवर एक अजस्र गोदाम येणार होतं आणि टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या कारभारी मंडळाच्या जागेसाठी उभा असलेला पक्षाचा उमेदवार क्रेग डाइबलर त्याच्या बाजूने होता.

ऑक्टोबरात लॉर्ना म्हाताऱ्या एमस ब्रुबेकरच्या दारात गेली, तर त्याने पत्रक हातातच घेतलं नाही.

"वॉशिंग्टनला तुम्ही दगड उभा केलात तरी मत देईन पोरी. पण इथे नाही. ट्रक काय वॉशिंग्टनात फिरणारेत?"

मिल रोडवर लॉर्नाने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ओढ्याजवळच्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला, तरी तिला बस कडेला घेऊन थांबावं लागे. ती थेट क्रेगकडे गेली.

"लोक नाराज आहेत. त्या वळणाचं तरी काही बघ."

"लॉर्ना, तुम्ही उगाच घाबरता," क्रेग म्हणाला. "आपली माणसं नावापुढचा पक्ष बघतात नि मत देतात. आजवर असंच चाललंय ना?"

तो खोटं बोलला नव्हता. तिनेच लोकांना वर्षानुवर्षं हे शिकवलं होतं. तरी घरी जाताना तिने ओढ्याजवळच्या वळणावर गाडी थांबवली.

मतदानाच्या दिवशी तिने नेहमीसारखं टेबल मांडलं, क्रेगची पत्रकं वाटली. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती आत गेली. वरपासून खालपर्यंत आपल्या पक्षाला मतं दिली. टाउनशिपच्या जागेशी आली, तेव्हा तिने पेन क्षणभर वर धरलं आणि क्रेगच्या विरोधातल्या डेमोक्रॅट बेथ मार्कोविट्झच्या नावापुढचा गोल भरला. बाहेर येऊन रॉझने आणलेला काकवीचा केक खाल्ला. कुणाला काही बोलली नाही, नवरा मर्लला सुद्धा.

काउंटीत पक्षाचा धुव्वा उडाला. टाउनशिपच्या जागेचा निकाल मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता तसा लागला: दोघांना सारखी मतं. फेरमोजणीतही तेच. मग कायद्याप्रमाणे काउंटीच्या कचेरीत चिठ्ठ्या काढल्या. क्रेग जिंकला. त्याने सगळ्यांसमोर लॉर्नाला मिठी मारली.

"तुमच्या एकेका मतानं तारलं बघा!"

लॉर्नाने त्याच्या पाठीवर थोपटलं. आपण मत फिरवलं नसतं तर चिठ्ठ्यांची वेळच आली नसती, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

वसंतात गोदामावर जाहीर सुनावणी झाली. लॉर्ना मागच्या रांगेत बसली होती. क्रेग म्हणाला, "वळणाबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही." त्यावर ती उठली, ध्वनिक्षेपकापाशी गेली.

"मी केली होती. तुझ्या घरी येऊन. आणि तू ऐकेनास, म्हणून मत बेथला दिलं."

सभागृहात गलका उठला.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या अध्यक्षाचा फोन आला. पद हवं की तोंड, ते ठरवा, म्हणाला. लॉर्नाने पद सोडलं. गोदामाला मंजुरी मिळाली, पण लोकांनी रेटा लावल्यावर मिल रोडच्या त्या वळणावर ट्रकना बंदी झाली. ते महामार्गाच्या बाजूनेच ये-जा करू लागले.

मर्ल चिडला होता तो एवढ्याचसाठी, की बायकोने त्याला आधी सांगितलं नाही. "मी क्रेगला मत दिलं ते तुझी लाज राखायला," तो म्हणाला. आठवडाभर त्याने हा विषय पुरवून वापरला.

रॉझ कुंपणाशी येऊन म्हणाली, "आता आमच्यात ये."

"तुमच्यात? मेले तरी नाही. करांचं काय करून ठेवाल, देव जाणे."

"मग आता करणार काय?"

"उमेदवार बघून मत देईन," लॉर्ना म्हणाली. "कटकटीचं काम आहे गं ते. एकेकाचं ऐकून घ्यावं लागतं."