मनोबल वाढवायला आणलेला कुत्रा

मी लेफ्टनंट बिस्किट बोलतोय. हुद्दा ऐकून सावरून बसू नका. मी कुत्रा आहे, जातीचा लॅब्रॅडोर, रंगानं खरपूस भाजलेल्या पावासारखा, आणि ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या पोलीस खात्यात नोकरीला आहे. चोर पकडणं, स्फोटकं हुंगणं असली कामं माझ्याकडे नाहीत. खात्यातल्या माणसांचं मनोबल वाढवणं एवढंच माझं काम. हे मनोबल म्हणजे नेमकं काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यापायी गळ्यात बिल्ला आणि दोन वेळचं खाणं मिळतं, मग मी कशाला कुरकुर करू? कुरकुर करायला तिथं माणसं पुष्कळ आहेत.

माझा जन्म एका शेतावरचा. आधी मला आंधळ्या माणसांना रस्ता दाखवायच्या शाळेत घातलं होतं. तिथं मी नापास झालो. रस्त्यात कुणी सॉसेज टाकलेलं दिसलं की माझा आणि कर्तव्याचा काडीमोड होई. मग कुणीतरी म्हणालं, याला निदान लाड करून घेता येतात, दुसरं काही जमो ना जमो. अशी माझी लायकी ठरली.

इकडे खात्याची अवस्था वाईट होती. नवे शिपाई येत आणि हिवाळा संपायच्या आत दुसऱ्या गावच्या पोलिसांत निघून जात. उरलेल्यांवर सक्तीची जादा ड्युटी. फुटबॉलचा सामना असला की सगळ्यांच्या रजा रद्द. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी बाहेरून सल्लागार बोलावले. त्यांनी एकेकाला खोलीत बसवून विचारलं, तुम्हाला काय हवं? सगळ्यांनी एकच सांगितलं, माणसं हवीत, एकेकट्याला पाठवू नका. यावर बराच विचारविनिमय झाला आणि मला आणलं.

माझा खर्च एका जुन्या विद्यार्थ्यानं उचलला. त्याची टायरची दुकानं होती. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर समारंभ झाला, बँड वाजला, आणि चीफ थेअर यांनी स्वतः माझ्या गळ्यात बिल्ला अडकवला. चीफ म्हणजे खात्याचे प्रमुख, उंच, कडक इस्त्रीचे. फोटोवाल्याकडे बघून ते म्हणाले, "आजपासून हा आमचा लेफ्टनंट." लोक खूप हसले.

सार्जंट लायल मॅकब्राइड तेवढा हसला नाही. खात्यातली लेफ्टनंटची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. त्या जागेचं सगळं काम लायलच ओढत होता, पण सार्जंट म्हणूनच. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू, असं त्याला दरसाल सांगितलं जाई. गुडघे दुखायला लागले तरी ते पुढचं वर्ष काही उजाडलं नव्हतं. आणि इथं परवा आलेलं कुत्रं त्याच्या डोक्यावर बसलं.

वायरलेसवर बसणारी ओडेसा बूकर त्याच्या शेजारीच उभी होती. तिचं तोंड म्हणजे भाल्याचं टोक. ती पुटपुटली, "आता सकाळी भेटला की वाकून सलाम ठोक हो, लायल. नाहीतर शिस्तभंग व्हायचा."

त्या दिवसापासून लायलनं माझ्याकडे बघणंच सोडलं. मी त्याच्या वाटेत पडलेलो असलो तर तो मला वळसा घालून जाई, जसं काही तिथं पाणी सांडलंय. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर चावलो असतो.

मला सांभाळायचं काम टेस कोवाचकडे आलं. कुत्रा कुणाला आवडतो, असं विचारल्यावर तिनं हात वर केला होता, एवढाच तिचा अपराध. तिची आधीची ड्युटी काही कमी झाली नाही, वर माझी आंघोळ, माझा डॉक्टर आणि परीक्षेच्या दिवसांत मला वसतिगृहांतून हिंडवणं, हे सगळं तिच्याच गळ्यात पडलं. मी तिच्याच घरी राहायचो. तिला आवाज न चढवता बोलायची सवय होती आणि पीनट बटर लावलेला पाव ती नेहमी अर्धा मला द्यायची. माझा जीव तिच्यावर जडायला आणखी काय हवं होतं?

कामाला सुरुवात झाल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. माणसं माझ्याशी खेळायला येत नसत, बोलायला येत. आधी इकडेतिकडे बघत, मग खाली बसून माझ्या कानाला लागत. रजा नाकारल्यामुळे बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही म्हणून एकजण माझ्या मानेत तोंड खुपसून रडला. एकानं सांगितलं की आता गाडीत बसून कमरेचा पट्टा लावायलाच नको वाटतं. ओडेसासुद्धा येई. तिनंच मला त्या शनिवारची गोष्ट सांगितली.

त्या शनिवारी सामना होता आणि सगळं खातं स्टेडियमवर. विद्यार्थ्यांच्या एका घरात दारू पिऊन मारामारी जुंपली. तिथं टेस एकटी गेली. पोरांचा घोळका अंगावर आल्यावर तिनं वायरलेसवर मदत मागितली. "मी ऐकत होते रे," ओडेसा माझ्या कानात म्हणाली, "ती मला सांगत होती कुणालातरी पाठव, आणि माझ्याकडे पाठवायला कुणी नव्हतं. मी तिला येतायत म्हणून सांगत राहिले. खोटं सांगत राहिले." त्यात टेसचा खांदा निखळला. मी त्या दिवशी ग्रंथालयासमोर लहान मुलांबरोबर फोटो काढून घेत होतो.

आठवड्यानं टेसला चीफची लेखी ताकीद आली. कुणीतरी त्या मारामारीचा फोटो काढला होता आणि त्यात तिच्या डोक्यावर टोपी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हा चीफ मोठा दुष्ट. मलाही तसंच वाटलं असतं. पण चीफही माझ्याकडे येत. खोलीचं दार लावून, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ते जमिनीवर बसत आणि माझे कान कुरवाळत. टोपीची ताकीद अध्यक्षांच्या कार्यालयातून आली होती, त्यांनी फक्त सही केली होती. "मी माणसं मागायला गेलो की काय विचारतात ठाऊक आहे, बिस्किट?" ते एकदा म्हणाले. "विचारतात, का, कुत्रा चालला नाही का?" उठताना मला म्हणाले, "टेसची माफी मागायला हवी." ती काही त्यांनी मागितली नाही. मला सांगून त्यांचं मन हलकं झालं होतं ना.

तिथंच तर सगळं बिघडलं. जे चीफनं टेसला सांगायचं ते मला सांगितलं. जे ओडेसानं टेसला सांगायचं तेही मलाच. पूर्वी ही माणसं निदान एकमेकांशी भांडत होती. मी आल्यापासून तेही थांबलं. ज्याला त्याला माझा कान मिळाला आणि प्रत्येकजण आपला भार तिथं उतरवून पुन्हा गाडीत जाऊन बसायला लागला. वरून चौकी शांत दिसायला लागली. सल्लागार पुन्हा आले तेव्हा त्यांनी लिहिलं की सुधारणा आहे. मी भुंकलो, पण माझ्या भुंकण्याचं त्यांना कौतुकच वाटलं.

सुधारणा कुठली? टेस झोपेनाशी झाली होती. ड्युटीवर निघताना ती गाडीची किल्ली हातात धरून बसून राही, आणि घड्याळाकडे दोनदा बघून मगच उठे. तिच्या घामाचा वास बदलला होता. हा वास मी ओळखतो. दाव्याला हिसडे मारून दमलेल्या जनावराला येतो तो. ही इथं राहिली तर मोडेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

वसंत लागता लागता शेजारच्या परगण्याच्या शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या प्रमुखानं, तिला नोकरी देऊ केली. तिथं गाडीत दोघं असतात. टेस ते पत्र घेऊन चीफकडे गेली, मी पायाशी होतोच. तिनं एकच मागितलं, मला बरोबर न्यायची परवानगी.

"कुत्रा खात्याचा आहे, टेस," चीफ म्हणाले. "मासिकाच्या मुखपृष्ठावर आहे तो. ज्यांनी दिला त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"मी त्यांना दुसरा घेऊन देईन."

"तसं होत नाही. तू गेलीस तर तो मॅकब्राइडकडे जाईल."

"लायल त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"मग जाऊ नकोस," चीफ म्हणाले. त्यांना ते मायेनं म्हणायचं होतं असं मला वाटतं. पण ते ऐकून तिचा चेहरा पडला.

त्या संध्याकाळी तिनं माझ्या गळ्यात हात टाकून सांगितलं, तुला त्या माणसाकडे टाकून मी नाही जायची. उद्या शेरीफला नाही म्हणून कळवते. हे बोलताना तिचा दुखरा खांदा माझ्या तोंडाशी होता आणि त्याला औषधाचा उग्र वास येत होता. तिला बळ द्यायला मला आणलं, आणि मीच तिच्या पायातली बेडी झालो. असं कुत्र्याचं जिणं कुत्र्याच्याही वाट्याला येऊ नये.

कुत्र्याला विचार करता येतो की नाही यावर माणसांचं एकमत नाही. मला आला तेवढा विचार मी केला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या हजेरीला सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. टेस दाराजवळ उभी होती, हातात फोन. लायल आपल्या नेहमीच्या खुर्चीत, गुडघा चोळत. मी टेसजवळून उठलो, खोली ओलांडली आणि लायलच्या बुटांवर हनुवटी टेकून पडलो. ओडेसा काचेपलीकडून मान लांब करून बघायला लागली.

लायलनं पाय मागे घेतले नाहीत. ते दुखऱ्या गुडघ्यामुळे की आणखी कशामुळे, मी सांगू शकत नाही.

"बिस्किट," टेसनं हाक मारली. "चल, ये."

मी उठलो नाही.

तिला वाटलं ऐकू आलं नसेल. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी घरच्या आवाजात, स्वयंपाकघरात मारते तशी. तुम्हाला शेपूट नाही, म्हणून तुम्हाला कल्पना यायची नाही. हसू दाबता येतं, रडू गिळता येतं, पण शेपूट आवरणं म्हणजे अंगातलं रक्त धरून ठेवण्यासारखं आहे. मी डोळे मिटून घेतले आणि सगळं अंग आवळून पडून राहिलो.

"हा नेहमी येतो का तुमच्यापाशी?" तिनं लायलला विचारलं.

लायलनं वाकून माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच. चांगला जड, राकट हात होता. त्या हाताखाली मी पानासारखा कापत होतो. इतरांना ते दिसत नव्हतं, पण त्याला ते कळत होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्याचा हात माझ्या पाठीवर घट्ट दाबला गेला.

"येतो की अधूनमधून," तो म्हणाला. "आता झोपलाय बघ गाढ. तू फोन कर, कोवाच. आणि बाहेर जाऊन कर, इथं गोंगाट आहे."

खोलीत एका माणसाचा आवाज नव्हता. टेस थोडा वेळ उभी राहिली आणि मग बाहेर गेली. दार लागल्यावरही लायलनं हात काढला नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. टेस शेरीफकडे गेली, मी लायलकडे राहतो. तो पीनट बटर देत नाही, पण त्याच्याकडे मटणाची हाडं असतात. टेसची जागा अजून भरलेली नाही, तिची ड्युटी बाकीच्यांत वाटली गेली. म्हणजे मी एकीला सोडवलं आणि उरलेल्यांचं ओझं वाढवलं. हे मला आतून खात असतं, आणि कानाशी येणाऱ्या माणसांसमोर मला अलीकडे मान वर करवत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. विद्यापीठाच्या मासिकात माझे फोटो येत राहतील. जीभ बाहेर, बिल्ला चकाकतोय, शेपूट हलताना धूसर आलंय. ते बघून तिथं सगळं बरं चाललंय असं समजू नका. आत जा आणि माणसांना विचारा. आणि कधी शेजारच्या परगण्यात कुणी टेस कोवाच भेटली, तर तिला सांगा, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो.